आधी मागं यायचं

उस्तादांनी पहिले अकरा दिवस मला गाडी पुढे नेऊ दिली नाही. त्यातले पहिले तीन दिवस तर ती सुरूच झाली नाही.

पडेगाव ओलांडलं की दौलताबादच्या रस्त्याला लागून तेव्हा एक मोकळा माळ होता. आता तिथे घरांच्या ओळी आहेत, आणि माळ नेमका कुठे संपायचा हे मलाही दाखवता येणार नाही. माळाच्या कडेला एक पत्र्याची शेड होती. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, ‘मोटार चालविणे शिकविले जाईल’. शेडमध्ये एक जुनी निळी गाडी असायची. तिच्यात डाव्या सीटसमोर जास्तीचा ब्रेक बसवलेला होता. उस्तादांना खरं नाव होतं, पण ते फक्त लायसनवर. सगळा पडेगाव त्यांना उस्तादच म्हणायचा.

माझी बदली खुलताबादच्या सरकारी दवाखान्यात झाली होती. मुलगी चार वर्षांची होती, नवरा शहरात कॉलेजात शिकवायचा. सकाळची एसटी मिळायची, संध्याकाळची मिळेलच याची खात्री नसायची. म्हणून मावसभावाची जुनी, छोटी पांढरी गाडी घेतली आणि चालवायला शिकण्यासाठी उस्तादांकडे गेले. त्यांच्याकडे बायका शिकतात, असं आमच्या दवाखान्यातल्या एका नर्सने सांगितलं होतं. मोबाईल अजून कुणाच्या हातात आले नव्हते. रस्त्यात काही झालं तर माणूस अगदी एकटा पडायचा.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, “बसा.”

मी बसले.

“आता काय करणार?”

“चावी लावणार.”

“नाय. उतरा.”

असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनीच सांगितलं. “बसायच्या आधी मागच्या सीटवर कोण हाय का ते बघायचं. मग बसायचं. बसल्याबरोबर चारी दारं आतून बंद. पर्स सीटवर नाय ठेवायची, पायापाशी ठेवायची. आन मग चावी.”

त्या काळी दारं आतून बंद करायला काचेच्या कडेला छोट्या खुंट्या असत. त्या चारही खुंट्या डोळे मिटून, हाताने चाचपत, किती लवकर दाबता येतात हे ते बघत. मागच्या दाराची खुंटी दाबायला कमरेतून वळावं लागे. साडीचा पदर सीटमध्ये अडकला की पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस मी एवढंच केलं. घरी नवऱ्याने विचारलं, कुठपर्यंत शिकलीस? मी म्हटलं, दार लावायला.

चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली आणि उस्ताद म्हणाले, “आता रिव्हर्स टाका. आधी मागं यायचं.”

मग रोज मागे. सरळ मागे, वळून मागे, दोन दगडांच्या मधून मागे, चढावर मागे. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या बायका अशाच शिकल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतले लोक खिडकीतून बघून हसायचे. पडेगावात या शाळेला ‘उलटी शाळा’ म्हणत. बरेच जण चार दिवसांत कंटाळून दुसरीकडे जायचे. नवरा एकदा बघायला आला आणि रात्री जेवताना म्हणाला, “खुलताबादला तू मागे मागेच जाणार आहेस का?”

मी ते उस्तादांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “पुढं कोण उभा ऱ्हाईल ते आपल्या हातात नाय, डॉक्टरबाई. मागचा रस्ता तुम्ही बघून आलेल्या असता.”

ते उंच आणि काटकुळे होते. अंगात खाकी शर्ट आणि पांढरा पायजमा. चालताना दर दहा-वीस पावलांवर मान वळवून मागे बघायची सवय होती. हॉटेलात चहाला बसले तर दाराकडे तोंड करून बसत. गाडी कुठेही उभी करायची झाली तर बाहेर निघायच्या तोंडाने. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. सिग्नलला थांबलं तर पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत, म्हणजे बाजूने निघायला जागा राहते. हे सगळं ते शंभरदा सांगत आणि शंभराव्यांदाही पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगत. त्यांना गाडी शिकवली होती एका नवाबाच्या जुन्या ड्रायव्हरने. निजामाचं राज्य गेलं, नवाब गेले, त्यांच्या मोटारी विकल्या गेल्या, आणि तो ड्रायव्हर ट्रकवर आला. त्याचे शब्द उस्तादांच्या तोंडात राहिले होते. रिव्हर्स घेताना ते हळू आवाजात म्हणत राहायचे, “अहिस्ता. होशियार. अहिस्ता.”

सगळ्यात विचित्र गोष्ट मला महिनाभराने कळली. उस्ताद स्वतः गाडी चालवत नसत. माळावर ते सायकलने येत. गाडी शेडमधून काढायची ती शिकणाऱ्याने, पंपावर न्यायची तीही शिकणाऱ्याने. लायसन वेळच्या वेळी नवं करून घेत, पण उजव्या सीटवर त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “मला इथून बरं दिसतं.”

माझ्या वडिलांनी काळजीपोटी मला मिरचीच्या पुडीची एक पुरचुंडी दिली होती. मी ती गाडीच्या कप्प्यात ठेवली होती. उस्तादांनी ती काढली, वास घेतला आणि माळावर लांब जाऊन उधळून आले.

“हत्यार ठेवायचं नाय गाडीत. ही पूड नाय, लोखंडी टॉमी नाय, काय नाय. हत्यार असलं की हात तिकडं जातो. हात इथं पायजे,” असं म्हणून त्यांनी स्टीअरिंगवर बोट ठेवलं.

“आणि कुणी अंगावर आलं तर?”

“दार बंद हाय. गाडी चालू हाय. तुम्हाला मागं येता येतं. अजून काय पायजे? आन हॉर्न हाय की.”

हॉर्नचाही धडा होता. वीस आकडे मोजेपर्यंत हॉर्नवरून हात काढायचा नाही. माळावर मी पहिल्यांदा तसा हॉर्न वाजवला तेव्हा मलाच लाज वाटली आणि सहाव्या आकड्याला हात सुटला. ते म्हणाले, “लाजायचं घरी. लोकांनी बघावं म्हणूनच वाजवायचा.”

फक्त एक गोष्ट मला त्यांच्या बाकीच्या शिकवणुकीत बसत नव्हती. काच. एवढी दारं बंद करून घेणारा माणूस, काच मात्र पूर्ण वर करू द्यायचा नाही. वर दोन बोटांची फट हवी. तीन नाही, एकही नाही. ते स्वतःची दोन बोटं आडवी घालून मोजायचे.

“कशाला उस्ताद? बंदच ठेवली तर?”

“मग त्याचं म्हणणं कसं ऐकू येईल?”

“कुणाचं?”

“जो थांबवतो त्याचं.”

मला वाटायचं, या माणसावर कधीतरी वाईट प्रसंग आला असणार. कुणीतरी रस्त्यात गाठलं असेल, मारलं असेल, लुटलं असेल. त्यातून ही सगळी सावधगिरी आली असेल. मी डॉक्टर आहे. जखम बघितली की ती कशाने झाली याचा अंदाज बांधायची सवय असते. तो अंदाज मी केला आणि त्यावर निश्चिंत राहिले.

मी गाडी चालवायला लागून सात-आठ महिने झाले होते. सीताफळांचे दिवस होते. दौलताबादच्या घाटात बायका टोपल्या घेऊन झाडाखाली बसलेल्या असत. चार वाजता दवाखाना सुटला आणि मी निघाले. घाट उतरताना एका वळणापलीकडे रस्त्यावर मोटारसायकल आडवी लावलेली दिसली. दोघे जण तिच्यापाशी उभे होते, तिसरा कडेच्या दगडांवर बसला होता. मी चाळीसेक पावलं अलीकडे थांबले. इंजिन चालू ठेवलं. दारं बंद होतीच. काच दोन बोटं खाली.

दोघे चालत आले. एक बॉनेटपुढे उभा राहिला, दुसरा माझ्या खिडकीशी आला.

“उतरा खाली,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“मागं आमच्या भावाला उडवून आलात. खाली उतरा, मिटवून टाकू.”

मी कुणालाही उडवलं नव्हतं. रस्त्यात एक बैलगाडी सोडली तर कुणी भेटलंही नव्हतं. मी म्हटलं, “भाऊ कुठाय? मी डॉक्टर आहे, त्याला तपासते. खाली दौलताबादला पोलीस आहेत, तिथे चला. तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते.”

“पोलीस कशाला? उतरा म्हटलं ना.”

त्याने दाराची मूठ ओढली. दार उघडलं नाही. मग त्याने काचेच्या फटीत बोटं घातली आणि काच खाली ओढायला लागला. बॉनेटपुढचा माणूस दोन्ही तळवे बॉनेटवर टेकून माझ्याकडे बघत होता. दगडांवरचा तिसरा उठून यायला लागला, त्याच्या हातात दगड होता.

गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. क्लच दाबलेला होता. तो पाय सोडायचा आणि दुसरा दाबायचा, एवढंच होतं. समोरचा माणूस तरणाताठा होता, अंगात पिवळा शर्ट होता. मला त्याची वरची दोन तुटकी बटणं अजून आठवतात. मला वाटलं, जाऊ दे याच्या अंगावरून. माझ्या मनात ते अगदी स्पष्ट आलं. मुलगी घरी वाट बघतेय, हाही विचार तेव्हा नव्हता. फक्त तो समोर होता आणि मला जायचं होतं.

मग हात आपसूक रिव्हर्सवर गेला. गिअर करकरला आणि पडला. मी हॉर्नवर हात दाबून धरला आणि मागे बघत वर चढायला लागले. खिडकीतली बोटं सुटली. दगड कुठेतरी पत्र्यावर आपटला. चढ, वळण आणि एका बाजूला कठडा. अहिस्ता, असं मी स्वतःशीच म्हणत होते असं मला नंतर आठवलं. फर्लांगभर तशीच मागे गेले आणि सीताफळवाल्या बायकांच्या झाडाखाली येऊन थांबले. हॉर्नवरचा हात एका म्हातारीने खिडकीवर टकटक केल्यावर निघाला.

“काय झालं बाय?”

मी बोट दाखवलं. तिने खालच्या वळणाकडे पाहिलं. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि दौलताबादच्या बाजूला उतरत गेला. म्हातारीने आपली टोपली शेजारणीकडे सरकवली.

“उघड दार. मी बसते तुझ्यासंगं खालपर्यंत.”

ती पुढे माझ्या शेजारी बसली आणि दौलताबादची पोलीस चौकी येईपर्यंत एका हाताने माझा पदर धरून राहिली. तक्रार लिहिली गेली. पंधरा दिवसांनी त्यातले दोघे दुसऱ्याच एका गाडीच्या प्रकरणात पकडले गेले. मी जाऊन ओळखलं. पिवळ्या शर्टचा माणूस त्यात होता. ठाण्यातल्या बाकावर तो फार लहान वाटला.

पण तो नंतरचा भाग. त्या दिवशी चौकीतून निघाले ती मी सरळ माळावर गेले. उस्ताद शेडपुढे लोखंडी खुर्चीवर बसले होते. मला वाटलं, शाबासकी मिळेल. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “काच किती खाली व्हती?”

“दोन बोटं.”

“काय म्हणतात ते ऐकून घेतलं?”

“हो.”

“समोर जो उभा व्हता, त्याला लागलं का?”

“नाही. पण उस्ताद, खरं सांगते. गाडी घालावी असं वाटलं होतं मला. त्याच्या अंगावरून.”

ते उठले. शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि उभ्यानेच बोलायला लागले. ते सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“मी घातली व्हती, बाई.”

तेव्हा ते तिशीच्या आत होते. एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवायचे. गंगापूरकडून कापसाच्या गाठी भरून शहराकडे निघाले होते, दिवस मावळायला आला होता. त्या महिन्यात त्या रस्त्यावर दोन ट्रक लुटले गेले होते. मालकाने बजावलं होतं, कुणी बी आडवा येऊ दे, थांबायचं नाही.

“एका पुलाच्या अलीकडं माणूस रस्त्याच्या मधोमध उभा. हातात काठी. काठी हलवतोय, वरडतोय. काच वर व्हती माझी. काय वरडतो ते ऐकू आलं नाय. मला वाटलं सरकंल. मी रेस दिली. तो सरकला नाय.”

त्यांनी खुर्ची उचलून शेडच्या पत्र्याला लावली.

“उसाची बैलगाडी उलटली व्हती त्याची, पुलाखाली. बायको गाडीखाली व्हती. तो कसा सरकंल? ती काठी बैल हाकायची व्हती. ते सगळं मला मागनं कळलं. आठ दिवसांनी, गंगापूरच्या स्टँडवर, चहा पिताना. लोक बोलत व्हते. त्याचा पाय गेला. बायको तिथंच गेली. दुसरी गाडी यायला लई उशीर झाला.”

“तुम्ही थांबला नाहीत?”

“थांबलो की. पुढं कोसभर जाऊन थांबलो. उतरलो, बघितलं. बंपरला काठीचा तुकडा अडकला व्हता. मागं अंधार पडत व्हता. रस्ता मोकळा व्हता.” मग ते हळू म्हणाले, “मला मागं येता येत व्हतं, बाई. चांगलं येत व्हतं. आलो नाय.”

चहाच्या त्या दिवशीच ते उठून पोलिसांत गेले. दीड वर्ष हर्सूलच्या तुरुंगात काढलं. सुटल्यावर पहिल्यांदा त्या माणसाच्या गावी गेले. तो ओट्यावर बसला होता, कुबडी शेजारी. उस्तादांनी आपण कोण ते सांगितलं. तो काही बोलला नाही. उस्ताद ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. तासभर बसून परत आले. तेव्हापासून वर्षातून तीन-चार वेळा ते एसटीने जायचे, फाट्यावरून चालत गाव गाठायचे आणि तसेच बसून यायचे.

“अजून बोलत नाहीत ते?”

“नाय. पण ऊठ बी म्हणत नाय.”

मला त्या संध्याकाळी गाडी काढायला वेळ लागला. माझा अंदाज पार चुकला होता. ज्याला मी मार खाल्लेला समजत होते, तो मारणारा होता. दारं बंद करायला तो शिकवत होता ते आपण भिऊ नये म्हणून, भिऊन कुणावर हात उचलावा लागू नये म्हणून. भ्यालेल्या माणसाच्या हातात गाडी म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. त्यानंतर मी त्यांच्या शाळेबद्दल कुणाला हसू दिलं नाही. नवऱ्यालाही नाही.

दोन वर्षं गेली असतील. एका रविवारी सकाळी उस्ताद आमच्या घरी आले. यापूर्वी कधी आले नव्हते. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात.

“तुमच्याकडं एक काम व्हतं. त्याच्या पायाला जखम झालीय. तुटलेल्या पायाला, खाली. सून सांगत व्हती, वास येतो म्हणून. जीपमधी दाटीत बसवत नाय त्याला, आन तो दवाखान्यात जायला तयार नाय. तुम्ही डॉक्टर हाय. आन गाडी चालवता.”

तासाभरात आम्ही निघालो. ते मागे बसले. पुढे बसा म्हटलं तर म्हणाले, पुढची जागा त्याला लागंल. गंगापूरच्या रस्त्याने गेलो, मग फाट्यावरून आत. उसाच्या मधून जाणारी कच्ची वाट होती. गावाच्या तोंडाशीच त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि तिथून आम्ही चालत गेलो.

म्हातारा ओट्यावर बसला होता. अंगाने दणकट, डोक्याला पांढरं पागोटं, डाव्या गुडघ्याखाली काही नाही. उस्तादांनी वहाणा काढल्या आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तिथला दगड बसून बसून गुळगुळीत झाला असावा असं मला उगीच वाटलं. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. सुनेने पाण्याचे दोन तांबे आणून ठेवले, एक माझ्यापुढे, एक त्यांच्यापुढे.

मी जखम पाहिली. रंग चांगला नव्हता. वास खराच होता. मी म्हटलं, “बाबा, हे आजच दाखवायला हवं. अजून आठ दिवस गेले तर वरपर्यंत चढेल.”

“कशात न्यायचं?”

“माझ्या गाडीत.”

“चालवणार कोण?”

“मी.”

तेव्हा त्याने पहिल्यांदा ओट्याच्या त्या टोकाकडे नजर टाकली. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाला, “धोतर दे दुसरं.”

त्या पायाचं पुढे काय झालं ते इथेच सांगते. थोडा वरून कापावा लागला, पण जीव वाचला, आणि नंतर तो नऊ वर्षं जगला. उस्ताद त्याच्याआधी गेले. झोपेतच गेले. मी पोहोचले तेव्हा त्यांच्याकडे शिकलेल्या वीस-पंचवीस बायका दारात उभ्या होत्या, आणि सगळ्यांनी आपापल्या गाड्या बाहेर निघायच्या तोंडाने लावल्या होत्या.

तर त्या दिवशी गाडी मी ओट्याजवळ आणली. सुनेने आणि मी म्हाताऱ्याला पुढच्या सीटवर बसवलं. सीट मागे सरकवली तरी पाय अवघडत होता. त्याची कुबडी खाली मातीत पडली होती. उस्तादांनी ती उचलली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि माझ्या हातात दिली. त्याच्या हातात दिली नाही.

“तुम्ही व्हा पुढं,” ते मला म्हणाले. “मी येतो एसटीनं.”

मी बसले. दारं लावली. चावी फिरवली. म्हातारा समोर बघत होता. तसाच समोर बघत तो म्हणाला, “एसटी आता चारला.”

हे त्याने कुणाला सांगितलं ते मला कळेना. मी थांबले.

“बसा म्हणावं त्यांना,” तो म्हणाला.

मी मागचं दार उघडलं. उस्ताद लगेच आले नाहीत. मग आले, वहाणांमधली माती झटकून आत बसले आणि मी मागच्या सीटवर ठेवलेली कुबडी मांडीवर आडवी घेतली.

एरवी उस्ताद माझ्या गाडीत असले तर गिअरच्या आवाजावरूनही बोलायचे. त्या दिवशी पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, मी त्याच्या मागे अंतर ठेवून बराच वेळ हळू चालले, तरी मागून एक अक्षर नाही. एका ठिकाणी रस्त्याला अरुंद, जुना पूल लागला. तो कुठला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण म्हाताऱ्याचा हात समोरच्या कप्प्याच्या कडेवर घट्ट बसला, आणि आरशात उस्तादांनी डोळे मिटून घेतलेले दिसले, तेव्हा कळलं. मी वेग आणखी कमी केला. पूल गेला. म्हाताऱ्याने हात काढून मांडीवर ठेवला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, “गाडी कुणाकडं शिकलात?”

खोटं बोलायचं कारण नव्हतं. “यांच्याकडे,” मी म्हटलं.

तो पुढचा रस्ता बघत राहिला. ऊस संपला, कारखाने दिसायला लागले, मग शहराच्या कडेची दुकानं. मला वाटलं, आपण चूक केली, काहीतरी वेगळं सांगायला हवं होतं. दवाखान्याचं वळण समोर दिसायला लागलं तेव्हा तो मान न वळवता, नेहमीच्या आवाजात म्हणाला, “बरी शिकवली तुम्ही.”

मला वाटलं, हे मला उद्देशून आहे, आणि मग लक्षात आलं की मी कुणाला काही शिकवलं नव्हतं, तो मागच्या सीटशी बोलत होता.

मागून “व्हय,” एवढंच आलं.

मी आरशात पाहिलं नाही. वळण घेतलं आणि गाडी दवाखान्याच्या दाराशी नेली.